न्हाणीतल्या पाइपाला पत्रा

चहा ओतून घ्या आधी. मी एकदा सांगायला लागलो की मध्ये थांबत नाही, आणि तुमचा चहा थंड झाल्याचं पाप मला नको. हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की मी जन्मभर पोरांना भूमिती शिकवली. म्हणजे हसू जरा जास्तच येईल!

ते दुष्काळाचं साल. मी मेहकरला हायस्कुलात मास्तर होतो. घर भाड्याचं. खाली आम्ही, माडीवर मालक, नानासाहेब. माणूस मोठा हौशी. सगळं गाव पाण्याच्या काळजीत, आणि यांनी माडीवर संडास बांधला! यांच्या परसातल्या विहिरीला पाणी टिकून होतं ना. तुम्हाला आज त्यात काय वाटणार म्हणा. पण तेव्हा आमची सगळी गल्ली लोटा घेऊन नाल्याकडे जाणारी. घरात संडास, तोही माडीवर, म्हणजे केवढी बातमी! लोक जिना चढून बघायला यायचे. नानासाहेब स्वतः बादली ओतून दाखवायचे.

आता वर ओतलेलं खाली कुठून जाणार? आमच्या न्हाणीतून! कोपऱ्यात छताला भोक पाडून दंडाएवढा बिडाचा पाइप सरळ जमिनीपर्यंत उतरवला, आणि भिंतीखालून मागच्या टाकीत सोडला. काळाकुट्ट, ओबडधोबड. वर बादली ओतली की आत घडघड घडघड. मला त्याचं काही नव्हतं. मी डोळे मिटून साबण लावणारा माणूस.

पण आमची माय डोळे उघडे ठेवून आंघोळ करते, त्याला काय करणार?

मायला मी डोणगावहून मुद्दाम आणलं होतं. माझी बायको कुसुम कन्याशाळेत शिकवायची. मुलगी पाच महिन्यांची, बाळंतपणाची रजा संपत आलेली. चार आठवड्यांनी, सोमवारी, कुसुमनं हजर व्हायचं, नाहीतर तिची जागा दुसरीला जाणार. लेकराला सांभाळायला माय राहिली तर नोकरी राहील. माय गेली की नोकरी गेली. इतकं सोपं समीकरण होतं.

पहिल्याच सकाळी माय न्हाणीत गेली आणि मिनिटभरात बाहेर आली. अंग कोरडं, हातातला लोटा तसाच भरलेला.

"बापू, त्या कोपऱ्यात काय घडघडते रे?"

"पाइप हाय माय."

"कायचा?"

"वरचा."

"वरचा म्हंजे कायचा बे?"

सांगावं लागलं. माय लोटा खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

"म्हंजे लोकायचं ते माह्या डोक्यावरून जाते?"

"डोक्यावरून नाही माय, बाजूनं जाते."

"वरून खाली येते न?"

"हाव."

"मंग डोक्यावरूनच झालं!"

मी तिला लंबरेषा म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. कुसुमनं मागून माझा सदरा ओढला. तोवर माय आत जाऊन पिशवीत लुगडी भरायला लागली होती. डोणगावची एस.टी. साडेदहाला सुटायची.

कुसुमनंच मग तोड काढली. "आत्याबाई, पाइप झाकून टाकला तर?"

माय थांबली. हातातल्या लुगड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"डोयाले दिसला नाही पाह्यजे."

"नाही दिसणार."

"आन गल्लीत कोणाले समजलं नाही पाह्यजे. मले इथं चार बायकायत बसाचं हाय. हे समजलं तं माह्या हातचं पाणी कोणी पेणार नाही." मग माझा हात धरून तिनं आपल्या गळ्याला लावला. "शप्पथ घे बापू. कोणी किती बी इचारो, तुह्या तोंडातून पाइपाचं नाव निंगालं नाही पाह्यजे. निंगालं, की मी डोणगावले गेलीच समज."

मी शपथ घेतली. मायच्या गळ्याची! पिशवी रिकामी झाली, लुगडी पुन्हा दांडीवर गेली. तात्पुरती सोय म्हणून माय परसात उभ्या खाटेवर चादर टाकून त्याआड आंघोळ करायला लागली आणि मी कामाला लागलो.

आता पाइप झाकायचा तरी कशानं? माय म्हणाली, "बांबूचा तट्ट्या लाव न. शेणानं सारवला की झालं." न्हाणीत शेणाचं सारवण! चार तांब्यांत वाहून जाईल. लाकडाच्या फळ्या लावाव्या तर पाण्यानं फुगणार. सिमेंटचा पत्रा वाकत नाही, मोडतो. विटांची भिंत घालावी तर गवंडी आला, आणि गवंडी आला म्हणजे बातमी गावभर गेली. शेवटी डोक्यात आलं, की आपल्याला एका भिंतीपासून गोल वळत दुसऱ्या भिंतीला टेकेल असं काहीतरी पाहिजे. वाकणारं. म्हणजे सपाट पत्रा!

गेलो लोखंडाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "किती नंबरी देऊ?"

पत्र्याला नंबर असतो हे मला तिथंच कळलं. सोळापासून सव्वीसपर्यंत. पण मी गणिताचा मास्तर, मला नंबरांची काय भीती? नंबर लहान तर पत्रा पातळ, नंबर मोठा तर जाड. लहान पोरही सांगेल.

"मले पातळ पाह्यजे, वाकणारा," मी ऐटीत म्हणालो. "सोळा नंबरी द्या."

"सोळा? मास्तर, नक्की न?"

"आता काय लिहून देऊ?"

दुकानदारानं पत्रा ओढून काढला. मास्तराला कोण शिकवणार? हातगाडीवर पत्रा चढवायला दोन हमाल लागले, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली.

घरी आणून मी पत्र्याची एक कड खाटेच्या पायाखाली घातली आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला. वाकेना. कुसुमही आली. दोघांनी मिळून लावला जोर. पत्रा तसाच ताठ, पण खाट उचलली गेली! खाटेवर माय बसलेली, तिच्या मांडीवर लेकरू.

"बापू, झाकाचं पाइपाले हाय का मले?" माय ओरडली. लेकरू मात्र खुश होऊन हसत होतं.

पुन्हा हातगाडी, पुन्हा दुकान. दुकानदार आता मोकळेपणानं हसला. "मास्तर, पत्र्याचं उलटं असते. नंबर जेवढा मोठा, तेवढा पत्रा पातळ."

"हे कोणी ठरवलं?"

"ते मले काय माहीत? पण तुमी ठरवलं नाही, हे नक्की."

सव्वीस नंबरी घेतला. हा मात्र भलताच गुणी निघाला. चटईसारखी गुंडाळी झाली. सुतळीनं आवळून सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि निघालो. नेमका बाजाराचा दिवस. एस.टी. स्टँडपाशी, बरोबर भर गर्दीत, सुतळी तुटली. आणि गुंडाळलेला पत्रा म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला सांगतो. तो गुंडाळलेला राहायलाच तयार नसतो! धडाडधूम करून असा उलगडला की एक शेळी दावं तोडून पळाली, एका बाईची कांद्यांची पाटी लवंडली आणि मी सायकलसकट पत्र्यावर आडवा.

अख्खा बाजार गोळा झाला. कांदे वेचू लागणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न. "मास्तर, पत्रा कायले?"

मला मायचा गळा आठवला.

"असाच. घरी लागते."

आता तुम्हीच सांगा, पत्रा काय असाच लागतो? आणि दिवस कसले होते ते लक्षात घ्या. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळायचा, तोही तासन् तास रांगेत उभं राहून. जवारी डोळ्यांना दिसत नव्हती. कोणी पोती दडवून ठेवली अशी कुणकुण लागली की पुरवठा इन्स्पेक्टर यायचा, पंचनामा व्हायचा आणि त्या माणसाचं नाव कायमचं खराब व्हायचं. हे मलाही माहीत होतं. पण आपण जवारी दडवत नाही आहोत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लोकांच्या डोक्यात काय आहे, ते बघायचं राहून गेलं.

पत्र्याला एकसारखी गोलाई आणायची तर ते काम येणारा माणूस गावात एकच, रहमानभाई. धान्य साठवायच्या पत्र्याच्या गोल कोठ्या करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. गेलो त्यांच्या दुकानात. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

"बोला मास्तर. काय भरायचं हाय?"

"भरायचं काही नाही. झाकायचं हाय."

"अच्छा. किती उंच करू?"

"न्हाणीच्या जमिनीपासून छतापर्यंत."

"या अल्ला! आन तोंड कुठं ठेवू?"

"तोंड नको."

"मंग खालून झाकण?"

"झाकण बी नको. आत काय हाय ते कोणाले दिसलं नाही पाह्यजे."

"पर मास्तर, मंग काढसान कसं?"

"काढायचंच नाही हो!"

रहमानभाईंनी रस्त्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मास्तर, मी गरीब आदमी. मी कोणाले काही इचारत नाही. पण जरा संभालके. दिवस खराब हायेत."

मला तर भरूनच आलं. केवढा समजूतदार माणूस! न सांगता यांनी पाइप ओळखला, आणि वर मायची अब्रूही राखली. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणालो, "मेहेरबानी रहमानभाई. ही गोष्ट तुमच्या-माझ्यात."

त्यांनी पत्रा झकास वळवून दिला. तो घेऊन मी घरी आलो, कोपऱ्यात उभा केला, आणि काय सांगू! वीतभर कमी पडला.

अहो, मी माप कसं घेतलं होतं? या भिंतीवरच्या खुणेपासून त्या भिंतीवरच्या खुणेपर्यंत सुतळी ताणून. सरळ! आणि पत्रा जाणार गोल. नववीच्या पोरांना मी फळ्यावर वर्तुळ काढून सांगतो, की जीवेपेक्षा कंस नेहमी मोठा असतो. ज्याला कळत नाही त्याला बाकावर उभा करतो. त्या दिवशी मी न्हाणीत उभा होतो.

म्हणजे पुन्हा दुकान, पुन्हा सव्वीस नंबरी, पुन्हा बाजारातून सायकल, आणि पुन्हा रहमानभाई.

"आणखी एक?" ते डोळे मोठे करून म्हणाले. "पहिली कमी पडली?"

"कमी पडली न."

त्यांनी कानाला हात लावला. मला वाटलं, माझ्या गणिताला लावला.

रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून मी आणि कुसुमनं पत्रा बसवला. भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यावर पत्र्याच्या कडा स्क्रूनं आवळल्या. ठाकठूक ऐकून शेजारच्या शेवंताकाकूंनी परसातून हाक मारली, "काय चालू हाय हो मास्तर?" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो, "काही नाही!" मग पांढरा ऑइलपेंट मारला. दोन दिवसांनी वाळला, तेव्हा कोपऱ्यात असा गोल, गुळगुळीत, पांढराशुभ्र खांब उभा होता की मीच दोनदा दार उघडून बघून आलो.

मायनं हात फिरवून पाहिला. वाकून बुडाशी पाहिलं, मान वर करून छताशी पाहिलं. मग आत गेली, दार लावलं, आणि चांगली अर्धा तास आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आली.

"आवाज येते अजून," मी भीत भीत म्हणालो.

"येऊ दे. आभाळ गडगडलं समजते मी. दुष्काळात तेवढंच." आणि हसली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बापू!"

त्या रात्री मी घोरत झोपलो. माय राहिली होती, कुसुमची नोकरी वाचली होती, आणि माझ्या तोंडातून पाइपाचं नाव निघालं नव्हतं. याच्यापेक्षा माणसाला काय पाहिजे?

पण गावातली माणसं हळूहळू बदलायला लागली. रेशनच्या रांगेत उभा राहिलो की पुढचे मागे वळून बघायचे. एक जण म्हणाला, "तुमी कायले लायनीत उभे राहता मास्तर?" मी समजलो, शिक्षकाबद्दल आदर म्हणून मला पुढं जायला सांगतोय. मी नम्रपणे म्हणालो, "नाही नाही, सगळ्यांसारखंच मी बी." तर तो खो खो हसला.

मग आमचे हेडमास्तर. मधल्या सुट्टीत मला त्यांनी एकट्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"तुमच्याकडे सोय झाली म्हणतात," ते हळूच म्हणाले.

तेही भाड्याच्या घरात राहायचे. मी मनात म्हटलं, यांच्याही न्हाणीत कोणी पाइप सोडलेला दिसतो! आणि यांना कोणी सांगितलं म्हणायचं? रहमानभाईंनीच असणार. पण मी काही तोंडानं पाइप म्हणालो नव्हतो, तेव्हा शपथ शाबूत होती.

"झाली सर, देवाच्या दयेनं."

"आमचंही थोडं बघा. फार नको, अडचणीपुरतं."

"बघतो की! पण सर, आधी नीट मोजून घ्या. माझं पहिलं कमी पडलं. दुसऱ्यांदा आणावं लागलं."

"दुसऱ्यांदा?"

"हो. आता मात्र छतापर्यंत आहे."

हेडमास्तरांनी खांबाला हात टेकला. "छतापर्यंत! घरात माणसं किती तुम्ही?"

"आम्ही दोघं, माय आणि लेकरू."

"तिघांना आणि तान्ह्या लेकराला छतापर्यंत?"

"माणसांचा काय संबंध सर? घरात एकटा माणूस असला तरी छतापर्यंतच लागतं."

ते तडक निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नमस्काराला उत्तर देईनात. मी घरी येऊन कुसुमला म्हणालो, "माणसाला पाइपाची एवढी लाज कशाला वाटावी, कळत नाही बुवा."

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी कुसुमनं शाळेत हजर व्हायचं होतं. ती साडीला इस्त्री करत होती, मी लेकराला घेऊन फेऱ्या मारत होतो आणि माय शेवंताकाकूंबरोबर देवळात गेली होती. दारात जीप थांबली. पुरवठा इन्स्पेक्टर, त्यांच्यामागं दोन पंच, आणि सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून, रहमानभाई. हातात पत्रा कापायची कात्री! मागोमाग गल्लीतली झाडून सगळी माणसं. पुरुष पुढं, बायका मागं.

"निनावी अर्ज आला आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "घरात धान्य किती आहे?"

मी डबाभर मिलो दाखवला. डोणगावहून मायनं आणलेली गाठोडंभर जवारी दाखवली.

"आणि न्हाणीत?"

"न्हाणीत पाणी आहे साहेब."

ते थेट न्हाणीत गेले, पंचांना घेऊन. बोटानं पत्र्यावर टकटक केलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! कोठ्या, तोंड, झाकण, सुट्टीतले हेडमास्तर, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मला दरदरून घाम फुटला.

"यात काय आहे?"

मी कुसुमकडे पाहिलं.

"मास्तर, मी विचारतोय, यात काय आहे?"

"सांगता येत नाही साहेब."

"का?"

"शपथ आहे."

"कोणाची?"

"आईची."

इन्स्पेक्टर पंचांकडे वळले. "लिहा. आईची शपथ आहे म्हणतात."

"अहो, सांगून टाका ना!" कुसुम मागून रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमची नोकरी जाईल!"

आता माझं समीकरण बघा. सांगावं तर माय डोणगावला जाणार आणि बायकोची नोकरी जाणार. न सांगावं तर माझी जाणार. दुष्काळात जवारी दडवणारा मास्तर! उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभा राहणार? पण वडील गेल्यावर याच बाईनं दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून मला शिकवलं होतं. आयुष्यात तिनं मला एवढी एकच गोष्ट मागितली होती. मी छाती पुढं काढली.

"कापा पत्रा!" मी म्हणालो. "पण माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

पत्रा कापल्यावर पाइप सगळ्यांना दिसणारच, हे माझ्या लक्षातही आलं नाही. शपथ तोंडाची होती ना!

रहमानभाईंनी "माफ करना मास्तर" म्हणून कात्री पत्र्याच्या कडेला लावली, तेवढ्यात दारातून गलका झाला. माय आली होती. हातात फुलांचं तबक, सोबत शेवंताकाकू. गर्दीतून वाट काढत ती थेट न्हाणीच्या दारात.

"माय!" मी ओरडलो. "माय, मी एक शब्द बोललो नाही!"

"काय झालं काय?"

इन्स्पेक्टर म्हणाले, "आजीबाई, तुम्ही तरी खरं सांगा. यात जवारी भरलेली आहे ना?"

"जवारी?" माय त्यांच्याकडे बघतच राहिली. "अवं बाप्पा! संडासच्या पाइपात कोणी जवारी भरते का?"

असं म्हणाली. सगळ्या गल्लीसमोर. मोठ्यांदा!

आणि तेवढ्यात, गर्दी पाहून घाबरलेल्या नानासाहेबांनी म्हणा, किंवा खरंच गरज लागली म्हणून म्हणा, माडीवर बादली ओतली. घडघड घडघड घडघड! पंच एका उडीत न्हाणीबाहेर. "तौबा तौबा" करत रहमानभाईंनी कात्री टाकून दिली. इन्स्पेक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि पंचनाम्याचा कागद हळूच घडी करून खिशात घातला.

पण माझं लक्ष तिकडं नव्हतं. मी मागं उभ्या असलेल्या बायकांकडे पाहत होतो. आता या नाकं मुरडणार, माय पिशवी भरणार, साडेदहाची एस.टी... पण एकीच्याही चेहऱ्यावर नवल नाही! उलट शेवंताकाकू इन्स्पेक्टरांनाच म्हणाल्या, "पाइपच हाय साहेब त्यात. आमाले तं कधीचं ठाऊक हाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी कसंबसं विचारलं.

"तुमच्या मायनं. आल्याच्या तिसऱ्याच दिवशी, दाणे निवडता निवडता."

"मले बी सांगितलं," दुसरी म्हणाली.

"मले बी. पण शप्पथ घातली होती, गड्यायले सांगाचं नाही म्हणून. म्या नवऱ्याजवळ तोंड उघडलं नाही बाई!"

तिसऱ्या दिवशी! म्हणजे मी सोळा नंबरी पत्र्याशी झटत होतो, त्याच्याही आधी. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं की मास्तरांच्या न्हाणीत पाइप आहे. गावातल्या सगळ्या पुरुषांची खात्री होती की मास्तरांच्या न्हाणीत जवारी आहे. आणि जीव मुठीत धरून गुपित सांभाळत होतो मी एकटा.

"आन तिच्या हातचं पाणी पेल्या तुमी?" मी शेवंताकाकूंना विचारलं.

"पेलो न. आमी गोठ्यात आंघोळ करतो, बैलाच्या शेपटीमांगं. आमी कोणाले काय बोलाव?"

सगळे पांगले. जीप गेली. कुसुम डोळे पुसत पुन्हा इस्त्रीला लागली. माय लेकराला मांडीवर घेऊन खाटेवर बसली, जशी काही ती दुसऱ्या दिवसापासूनच्या कामाची तालीम करत होती. माय राहणार होती, यात आता शंकाच नव्हती. पण मला राग आला होता. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं होतं. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"माय, मी आज जेलात गेलो असतो. तुह्या शपथेपायी! अन् तू सगळ्या गल्लीले सांगून मोकळी. निदान मले तं सांगाचं, की सगळ्याइले सांगून टाकलं म्हणून. मले काऊन नाही सांगितलं?"

माय लेकराला थोपटत राहिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुले कायले सांगू बे? तुह्या पोटात काही राह्यत नाही."